जुन्या मोटारीची पीयूसी आणि पुनर्नोंदणी: आधी कागद, मग टॅपेट, कार्बोरेटर सर्वांत शेवटी

जुनी मोटार पीयूसी केंद्रावर नापास झाली की बहुतेक मालक आधी कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून घेतात, तेवढ्याने भागले नाही तर गाडीचे वय झाले असे म्हणून हताश होतात, आणि अखेरीस गाडी न नेताच प्रमाणपत्र मिळवून देणारा कोणी भेटतो का हे पाहू लागतात. या तिन्ही पायऱ्या चुकीच्या आहेत. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा पहिल्या पिढीची मारुती ८०० यांना लागू असलेली धुराची मर्यादा इतकी सैल आहे की देखभाल ठीक असलेले इंजिन तिच्यात सहज बसते. जेव्हा बसत नाही तेव्हा चूक वयाची नसते, कामाच्या क्रमाची असते. पुनर्नोंदणीतही, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणातही, तसेच होते. आरसीवरची एक चुकीची नोंद दुरुस्त न करता फॉर्म भरला जातो आणि सगळे प्रकरण तिथेच अडकून पडते.

पुढील टप्पे महाराष्ट्रात नोंदलेल्या, १५ वर्षांपेक्षा जुन्या, खासगी वापराच्या पेट्रोल मोटारींसाठी आहेत. डिझेल गाड्यांची तपासणी वेगळी असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र टीप दिली आहे.

## टप्पा १: आपली मोटार कायद्याच्या कोणत्या खणात बसते ते ठरवा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पीयूसी तपासणीची मर्यादा गाडीच्या आजच्या वयावर ठरत नाही, तर ती ज्या उत्सर्जन मानकानुसार बनली त्यावर ठरते. भारत स्टेज २ च्या आधीच्या मानकांनुसार बनलेल्या पेट्रोल चारचाकीसाठी आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेले इंधन, १,५०० पीपीएमपर्यंत (दशलक्षात १,५०० भाग) चालतो. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम अशी आहे, तर भारत स्टेज ४ पासून ती आणखी आवळलेली आहे. भारत स्टेज २ हे मानक मुंबईत २००१ मध्ये आणि देशभर १ एप्रिल २००५ पासून लागू झाले, त्यामुळे १९७० आणि १९८० च्या दशकांतील कोणतीही देशी मोटार पहिल्याच, म्हणजे सर्वांत सैल खणात बसते.

प्रमाणपत्राची मुदत भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाड्यांना ६ महिने आणि त्यापुढील गाड्यांना १ वर्ष असते. जुन्या मोटारीच्या मालकाने शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे पाहून वर्षाचा हिशेब धरू नये. वैध पीयूसीविना रस्त्यावर पकडले गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ३ महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरणे, अशी तरतूद आहे.

दुसरा प्रश्न वयाचा आहे, आणि तो पीयूसीसाठी नव्हे तर नोंदणीसाठी विचारायचा. बोलताना आपण कोणत्याही देखण्या जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणतो; कायद्यात मात्र पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. १९८५ ची पद्मिनी रॅलीत कितीही टाळ्या घेत असली, तरी आरटीओच्या खिडकीवर ती १५ वर्षांवरची साधी खासगी मोटारच आहे, आणि तिला कोणतीही खास सवलत नाही.

## टप्पा २: वाहन प्रणालीतील नोंद आधी तपासा

पीयूसी केंद्राचा संगणक गाडीकडे पाहून मर्यादा ठरवत नाही. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत जे लिहिले आहे त्यावरून ठरवतो. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर आपला नंबर टाकून नोंद बाहेर काढावी, मूळ आरसी शेजारी ठेवावी आणि दोन्ही ओळीने ताडून पाहाव्यात.

सर्वाधिक गोंधळ इंधनाच्या रकान्यात असतो. अनेक ॲम्बॅसेडर आणि पद्मिनींना मधल्या काळात गॅसचे किट बसवले गेले, पुढच्या मालकाने ते काढून टाकले, पण आरसीवर ते अजून तसेच आहे. काही गाड्यांत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले आणि पुन्हा पेट्रोल केले. त्यातला एखादाच बदल नोंदवला गेला. केंद्रावर गाडी एका इंधनावर चालते आणि नोंद दुसऱ्याची असते, तेव्हा तपासणी सुरूच होऊ शकत नाही. किट काढले असेल तर आरटीओत अर्ज करून आरसीवरची नोंद कमी करून घ्यावी.

इंजिन नंबरचेही तसेच. जुन्या गाडीचे इंजिन कधीतरी बदललेले असणे अगदी सामान्य आहे, परंतु कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीने आणि नोंदीने व्हावा लागतो. ब्लॉकवरचा नंबर टॉर्चच्या उजेडात स्वतः वाचावा. मेकॅनिकच्या आठवणीवर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

मानकाच्या रकान्यावर मात्र कोणाचीच नजर जात नाही. जुनी माहिती संगणकात भरताना तिथे चुकून भारत स्टेज ३ किंवा ४ पडले असेल, तर १९७९ च्या गाडीला कधीच न पेलणारी मर्यादा लागू होईल आणि मालक बिचारा कार्बोरेटरवर पैसे घालत बसेल. उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि मोबाइल नंबर हेदेखील याच वेळी पाहावेत. २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचे, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र दिले जाते आणि त्यासाठी मालकाचा मोबाइल नंबर लागतो. वडिलांच्या नावावरच्या गाडीला बंद पडलेला नंबर जोडलेला असणे हे वरचेवर दिसते.

‘एमएच’ मालिका येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर असलेल्या काही गाड्यांची नोंद प्रणालीत सापडतच नाही, कारण ती अजून आरटीओच्या वहीतच आहे. अशा वेळी मूळ नोंदणी झालेल्या कार्यालयात मूळ आरसी, विमा आणि ओळखपत्रांसह अर्ज करून बॅकलॉग एंट्री, म्हणजे वहीतली जुनी नोंद संगणकात, करून घ्यावी लागते. वही शोधण्यात किती दिवस जातील हे कोणालाच आधी सांगता येत नाही. म्हणूनच हा टप्पा पहिल्यांदा हाती घ्यायचा.

तपासा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, उत्पादनाचे वर्ष, मानक, नोंदणीची मुदत आणि मोबाइल नंबर या सात गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इशारा: चेसिस नंबर गंजाखाली दडला असेल तर रॉकेलच्या बोळ्याने आणि मऊ ब्रशने हलकेच पुसा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावला तर अक्षरे झिजतात आणि नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो. त्यातून सुटायला पीयूसीपेक्षा कितीतरी जास्त खेटे पडतात.

## टप्पा ३: तारखा मागून पुढे मांडा

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. म्हणजे नोंदीतील चुका त्याच्याही आधी, मुदत संपायला किमान ४ महिने असताना निस्तरायला घ्याव्यात. इंजिनाचे काम अर्जाच्या दोन-तीन आठवडे आधी, पीयूसी त्यानंतर लगेच, आणि मग अर्ज, हा सोयीचा क्रम आहे. पीयूसी फार आधी काढली आणि गाडीच्या प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी तिची मुदत उलटलेली निघाली, तर हेलपाटा ठरलेला.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवणे बंधनकारक आहे. जुन्या बंपरवर ती शोभत नाही, हे मान्य. पण पितळी अक्षरांची जुनी पाटी मिरवत तपासणीला गेल्यास गाडी परत पाठवली जाऊ शकते. जुनी पाटी जपून काढून ठेवा आणि नवी बसवा.

विमा चालू असावा. विमा नूतनीकरणासाठी पीयूसीची सक्ती करणारी सर्वोच्च न्यायालयाची २०१७ ची अट जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच काढून टाकली, त्यामुळे ‘विम्यासाठी पीयूसी आणि पीयूसीला नेण्यासाठी विमा’ या चक्रात आता अडकण्याचे कारण उरलेले नाही.

इशारा: नोंदणीची मुदत आधीच संपली असेल तर गाडी चालवत केंद्रावर किंवा आरटीओत नेऊ नका. टोइंगच्या ट्रकवर घालून न्या. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी आरसीची तारीख पाहते.

## टप्पा ४: इंजिनाची तयारी, याच क्रमाने

कार्बोरेटर शेवटी का, हे समजले की बाकीचा क्रम आपोआप लक्षात राहतो. पॉइंटची (ठिणगीचा विद्युतप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काची) गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलते. टायमिंग बदलले की आयडलिंगचा वेग बदलतो. आणि आयडलिंगचा वेग बदलला की मिक्स्चरचे (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचे) सेटिंग चुकते. उलट दिशेने काम करणारा माणूस एकच स्क्रू चार वेळा फिरवतो आणि शेवटी जुन्या गाड्यांना नावे ठेवतो.

तेल आणि पेट्रोल पंप. डिपस्टिक बाहेर काढून तिचा वास घ्या. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीसारख्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगावरच बसवलेला असतो, आणि त्याचा डायफ्रॅम चिरला की पेट्रोल थेंबाथेंबाने खाली ऑइलमध्ये उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर कारण बहुधा हेच. ते पेट्रोल गरम इंजिनात वाफ होऊन ब्रीदरच्या नळीवाटे पुन्हा एअर फिल्टरमध्ये जाते आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर चढतो. कार्बोरेटर कितीही बारीक केला तरी खाली येत नाही. पंपाचे किट बदला, तेल आणि फिल्टर बदला, आणि मगच पुढे जा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आल्यापासून जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि नळ्या लवकर फुगतात व भेगाळतात, त्यामुळे ‘गेल्या वर्षीच बदलला’ हे उत्तर आता पुरेसे नाही. नवे किट घेताना ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे आहे का, हे विचारून घ्यावे.

एअर फिल्टर. कागदी असेल तर बदला. तेलात बुडवलेल्या जाळीचा असेल तर धुऊन, निथळून, ताजे तेल घालून बसवा.

कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या आणि आकडे लिहून ठेवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ही दहा-पंधरा मिनिटांची परीक्षा न करता ट्यूनिंगवर खर्च करणे मला कधीच पटलेले नाही, कारण व्हॉल्व्ह जळलेला असेल तर जगातला कोणताही स्क्रू हायड्रोकार्बन खाली आणू शकत नाही.

टॅपेट. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या या भागाची गॅप कंपनीच्या पुस्तिकेत गरम इंजिनावर दिली आहे की थंड, ते आधी वाचा. आवाज येऊ नये म्हणून टॅपेट घट्ट करून ठेवण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि काही महिन्यांत व्हॉल्व्हची कड जळते. थोडा टिकटिक आवाज असलेले टॅपेट केव्हाही बरे.

प्लग, वायरी, पॉइंट, टायमिंग. प्लग काढून ते कोणत्या सिलिंडरचे हे ध्यानात राहील अशा क्रमाने फडक्यावर मांडा. कोरडी काजळी म्हणजे मिक्स्चर जाड (पेट्रोल जास्त), तेलकट काळा थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड, पांढुरके टोक म्हणजे मिक्स्चर पातळ (पेट्रोल कमी). चारांपैकी एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरात आहे, कार्बोरेटरात नाही. त्यानंतर पॉइंट आणि कंडेन्सर पाहा, गॅप लावा आणि टायमिंग लाइटने टायमिंग लावा. कानाने टायमिंग लावणारे उस्ताद अजून आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, परंतु ते गाडी ओढीला चांगली व्हावी म्हणून टायमिंग थोडे पुढे ठेवतात, आणि त्याने आयडलिंगवर हायड्रोकार्बन वाढतो.

हवा खाणाऱ्या जागा. कार्बोरेटरखालचे पॅकिंग, मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि ब्रेक बूस्टरची नळी असल्यास तीही तपासा. सायलेन्सरला भोक असेल तर वेल्डिंग करून घ्या. त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा खोटा येतो.

फ्लोट आणि चोक. फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर असेल किंवा पेट्रोल अडवणारी नीडल झिजली असेल तर पेट्रोल सतत वाहते. थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या चोकची केबल मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. माझ्या पद्मिनीने एकदा ५ टक्क्यांच्या वर कार्बन मोनॉक्साइड दाखवला होता. डॅशबोर्डवरची चोकची मूठ पूर्ण आत होती, म्हणून मी आणि मेकॅनिक दोघांनीही जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) संशय घेतला आणि अख्खी दुपार कार्बोरेटर उघडण्यात घालवली. संध्याकाळी एअर फिल्टर काढलेला असताना सहज आत बोट घातले, तर चोकची पाकळी बोटभर तिरकी उभी होती. केबलच्या आवरणात गंज धरल्याने मूठ आत गेली तरी पाकळी पूर्ण उघडत नव्हती. केबलला तेल सोडले आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी मर्यादेच्या बऱ्याच खाली आली.

## टप्पा ५: कार्बोरेटर लावणे आणि गॅरेजमधली रंगीत तालीम

आता, आणि आताच, मिक्स्चरच्या स्क्रूला हात लावायचा. गाडी निदान पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवून पूर्ण गरम करावी. उभ्या गाडीला रेस करून गरम करणे पुरेसे नाही. आयडलिंगचा वेग पुस्तिकेप्रमाणे ठेवून मिक्स्चरचा स्क्रू सावकाश, एका वेळी पाव फेरा फिरवावा. इंजिन सर्वांत समतोल आणि जलद चालते ती जागा सापडली की तिथून वेग किंचित उतरू लागेपर्यंत मिक्स्चर पातळ करावे आणि आयडलिंगच्या स्क्रूने वेग पुन्हा मूळ जागी आणावा. एसयू बनावटीच्या कार्बोरेटरला वेगळा स्क्रू नसतो; तिथे खालचे जेटचे नट एकेक पैलू फिरवून हेच करायचे.

गॅस ॲनालायझर असलेले गॅरेज मिळाले तर काम सोपे होते. ३ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून २.९ वर थांबू नका. २ ते २.५ च्या दरम्यान ठेवले तर केंद्रावरच्या यंत्रातील थोडाफार फरक पोटात मावतो. मात्र आकडा आणखी सुंदर दिसावा म्हणून मिक्स्चर फार पातळ करणे घातक आहे. पातळ मिक्स्चरवर इंजिन मिस करते, कार्बन मोनॉक्साइड उतरतो पण हायड्रोकार्बन उसळतो, आणि घाटात इंजिन तापते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण मुळातच थोडे पातळ पडते. दहा वर्षांपूर्वीचे ‘दीड फेरा’ हे सेटिंग आज जसेच्या तसे लागू पडेल असे समजू नका.

तपासा: आयडलिंग पाच मिनिटे एकसारखे टिकते का? हेडलाइट लावल्यावर गाडी बंद पडत नाही ना? सायलेन्सरच्या तोंडाशी हाताचा तळवा धरल्यावर फुंकर सलग लागते की मधूनच खंड पडतो? खंड पडत असेल तर मिसिंग अजून आहे. केंद्रावर जाऊ नका.

## टप्पा ६: केंद्रावर

शक्यतो सकाळी, गर्दी नसताना जावे, पण घरापासून दोन गल्ल्यांवरचे केंद्र निवडू नये. गाडी गरम पोहोचली पाहिजे. तपासणीसाठी इंजिन ऑइल निदान ६० अंश सेल्सियस असावे लागते, आणि रांगेत अर्धा तास बंद उभी राहिलेली गाडी त्या अवस्थेत नसते. रांग असेल तर इंजिन चालू ठेवा किंवा एक फेरी मारून या.

चोक पूर्ण आत, दिवे, पंखा, एसी बंद, गिअर न्यूट्रल. नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. कित्येक जुन्या गाड्यांचे सायलेन्सरचे टोक वाकडे किंवा चेपलेले असते. नळी वरवर अडकवली तर आत हवा मिसळते आणि आकडा खोटा, कमी येतो. खोटा कमी आकडा फायद्याचा वाटतो, परंतु रस्त्यावर अधिकाऱ्याने पुन्हा तपासणी करायला लावली की तो उघडा पडतो. दोन सायलेन्सर असलेल्या गाडीचे दोन्हीकडून मोजमाप घ्यायला सांगा. नळी घालण्याआधी यंत्राचा आकडा शून्याजवळ आहे का, हे पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे; आधीच्या धूर ओकणाऱ्या गाडीचे अवशेष नळीत असतील तर ते तुमच्या खाती जमा होतात.

पावती हातात आल्यावर नंबर, इंधन, आकडे आणि मुदत तिथेच उभे राहून वाचा.

डिझेल गाड्यांसाठी: येथे आयडलिंगवर नव्हे, तर ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात. भारत स्टेज ४ पूर्वीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची, म्हणजे प्रति मीटर २.४५ ची आहे. इंजिन पूर्ण वेगापर्यंत जाणार असल्याने तेल, पाणी आणि पट्टे आधी पाहावेत. नोझल तपासून घ्यावेत, आणि जाण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटे गाडी चांगली पळवावी. शहरात रखडत चालणाऱ्या जुन्या जीपच्या सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी पहिल्या दणक्यातच बाहेर येते, ती केंद्राबाहेर आलेली बरी.

## टप्पा ७: नापास झाल्यास आकडे वाचा

नापास गाडीला आता कारणासह नकाराची चिठ्ठी दिली जाते. ती फाडून टाकू नका. मेकॅनिकला दाखवण्याचा तोच सर्वांत उपयोगी कागद आहे.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन ठीक असेल, तर इंजिन जळणाचे काम नीट करते आहे पण त्याला पेट्रोल जास्त मिळते आहे: चोक, फ्लोट, एअर फिल्टर, पंप, झिजलेला जेट. उलट, कार्बन मोनॉक्साइड ठीक आणि हायड्रोकार्बन जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे: प्लग, वायर, पॉइंट, पुढे गेलेले टायमिंग, घट्ट टॅपेट, बाहेरून ओढली जाणारी हवा किंवा फार पातळ मिक्स्चर. दोन्ही जास्त असतील तर आधी मिक्स्चर जाड असण्याची कारणे दूर करा आणि मग कॉम्प्रेशनच्या वहीकडे वळा. दोन्ही आकडे संशयास्पद कमी आले, तर सायलेन्सर फुटका आहे.

इशारा: तपासणीपुरते मिक्स्चर बारीक करून, नंतर पुन्हा जाड करून गाडी चालवू नका. प्रमाणपत्र खिशात असले तरी गाडी मर्यादेत राखण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. गाडी न नेता प्रमाणपत्र मिळवणे तर सरळ बनावट कागद बाळगणे आहे. क्यूआर कोडमुळे तो जागच्या जागी तपासला जातो.

## टप्पा ८: आरटीओतील नूतनीकरण

परिवहन पोर्टलवर फॉर्म २५ भरून शुल्क आणि पर्यावरण कर भरावा, तपासणीची तारीख घ्यावी, आणि आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा घेऊन गाडीसह हजर राहावे. पर्यावरण कर राज्याचा आणि शुल्क केंद्राचे. दोन्ही स्वतंत्र आहेत, एक भरले म्हणजे दुसरे भरले असे होत नाही.

ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आणि आयात मोटारींचे ८०,००० रुपये झाले आहे. १५ ते २० वर्षांच्या देशी मोटारीसाठी ते ५,००० रुपये आहे. उशीर केल्यास दरमहा ५०० रुपयांची भर पडते. यासाठी ‘आयात’ या नोंदीकडे नीट पाहा. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता, आणि विदेशी नावाच्या कितीतरी गाड्या प्रत्यक्षात इथेच जुळवलेल्या आहेत. तुमच्या गाडीपुढे ‘आयात’ असे लागले असेल आणि जुने कागद वेगळे सांगत असतील, तर शुल्क भरण्याआधी ते अधिकाऱ्यांपुढे ठेवा. फरक ७०,००० रुपयांचा आहे.

तपासणीत निरीक्षक चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक आणि टायर पाहतात. जुन्या मोटारी इंजिनापेक्षा हँडब्रेक आणि वायपरवर अधिक अडतात, असा माझा अनुभव आहे.

## टप्पा ९: ५० वर्षे पूर्ण झालेली मोटार असल्यास

१५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय नियमांत विंटेज वाहनांसाठी नियम ८१अ पासूनची नवी तरतूद आली. अर्ज फॉर्म २० वर करायचा असतो. सोबत विमा, शुल्क, भारतात नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी किंवा आयात गाडीचे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क खात्याचा आयातीचा कागद) लागते. आधीच नोंदलेली गाडी तिचा मूळ नंबर ठेवू शकते, आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि पुढच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये.

देशी मोटारीचा हिशेब पहिल्या १० वर्षांत बरोबरीत सुटतो, कारण साध्या मार्गानेही दोन नूतनीकरणांचे २०,००० होतातच. आयात मोटारीत मात्र त्याच काळात १,६०,००० विरुद्ध २०,००० असा फरक पडतो. या बदल्यात काय सोडावे लागते ते आधी समजून घ्या: विंटेज नोंदणीची गाडी नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती बाहेर काढता येते. रविवारी सकाळी मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जाणे त्यात बसत नाही. गाडीचा तसा वापर असेल तर साधे नूतनीकरणच घ्यावे.

चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या वर्गात येत नाही. डिझेल इंजिन बसवलेली १९६० च्या दशकातील ॲम्बॅसेडर म्हणूनच अपात्र ठरते. आणि विंटेज नोंदणी झाली म्हणजे पीयूसी सुटली, असेही धरून चालू नका. रॅलीच्या आधीच्या आठवड्यात वरचे टप्पे ४ ते ६ पुन्हा करा.

## टप्पा १०: दोन तपासण्यांच्या मधले ६ महिने

महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीतील इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पावसाळ्यात ते अधिक. गाडी उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. अधूनमधून जागेवर पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याने फायदा नाही, तोटाच आहे. इंजिन गरम होत नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल साठते, प्लग काळे पडतात. पंधरवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवा, किंवा मुळीच सुरू करू नका.

डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक पीयूसीचे दोन्ही आकडे, तारीख, मिक्स्चरचा स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते आणि कोणत्या पंपावरचे पेट्रोल होते, हे तिच्यात लिहावे. गेल्या खेपेला हायड्रोकार्बन ४०० होता आणि या खेपेला ९०० आला, तर गाडी पास असूनही टॅपेट आणि प्लग उघडून पाहण्याची वेळ झालेली आहे.